कानात सांगायचं नाव

मच्छिंद्रचा फोन आला तेव्हा नीलम एका म्हातारबाबांच्या कानामागं चष्म्याची काडी बसवून बघत होती. दौंडच्या बाजारपेठेतलं दुकान; मालक जेवायला गेलेले, काउंटरवर ती एकटी. फोन खांद्यानं कानाशी दाबून धरत तिनं काडी वाकवायला घेतली, आणि पलीकडून मच्छिंद्रचा घाईचा आवाज आला, छातीतल्या बारीक शिट्टीसकट. "ताई, शनिवारी बारसं हाय पोराचं. आन् एक इचारायचं व्हतं." शिट्टी तेवढी ऐकू येत राहिली. "नाव विश्वजीत ठिवावं म्हनतोय. भाऊंचं. तुम्ही व्हय म्हनलात तरच, न्हाईतर न्हाई. आन् मला भैन न्हाई, तवा आत्या म्हनून पाळन्यात नाव तुम्हीच सांगायचं." नीलमनं काडी वाकवली ती अशी, की म्हातारबाबा कळवळून म्हणाले, "बाई, चष्मा डोळ्याला हाय का कान उपटायला?" तिनं त्यांना सॉरी म्हटलं, मच्छिंद्रला "बघू" म्हटलं आणि फोन ठेवून दिला. बाळंतीण कशी आहे, हेसुद्धा विचारायचं राहून गेलं.

बघू म्हणजे काय बघू? बघण्यासारखं राहिलं होतं काय? माणूस गेला. त्याची मोटारसायकल दिरानं नेली, कपडे वाटून टाकले, कंपनीचं हेल्मेट कंपनीनं परत मागून घेतलं. तिच्याकडं नाव तेवढं उरलं होतं, आणि तेही पुरतं तिचं नव्हतं. चर्चच्या मंडळीनं त्याच्या आठवणीसाठी देवळात छताचा पंखा बसवला होता आणि हौसेनं त्याच्या पात्यांवर लाल रंगात लिहून घेतलं होतं, 'प्रभुवासी विश्वजीत अमोलिक यांच्या स्मरणार्थ'. पंखा बंद असला की ते वाचता यायचं. चालू झाला की नुसतं लालसर वर्तुळ फिरत राहायचं. रविवारी वीज गेली, म्हणजे सगळ्यांना उकडायचं आणि नीलमला नवऱ्याचं नाव दिसायचं. अशा वेळी ती मनातल्या मनात वीज येऊ नये म्हणून प्रार्थना करायची, आणि ती प्रार्थना मात्र बऱ्याचदा ऐकली जायची.

चार वर्षांपूर्वी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत, जिथं विश्वजीत ऑपरेटर होता, दुसऱ्या पाळीत गॅस सुटला. सायरन झाला, माणसं गेटकडं पळाली. विश्वजीतही पळत आला. हे तिला नंतर सगळ्यांनी सांगितलं, कौतुकानं सांगितलं, की वहिनी, भाऊ बाहेर आले होते. गेटपाशी उभं राहून त्यांनी माणसं बघितली, मच्छिंद्र कुठंय म्हणून विचारलं, तोंडाला ओला रुमाल बांधला आणि परत आत गेले. मच्छिंद्र म्हणजे निमोण्याचा कंत्राटी हेल्पर. कामाला लागून त्याला धड वर्षही झालं नव्हतं. विश्वजीतनं त्याला खेचत जिन्यापर्यंत आणलं, खाली ढकलून दिलं आणि स्वतः जिन्यातच बसला. बसलेलाच सापडला. या गोष्टीत लोकांना 'परत आत गेले' हे दिसायचं, नीलमला 'बाहेर आले होते' हे दिसायचं. आतच राहिला असता, अडकला असता, तर तिनं नशिबाला बोल लावला असता आणि रडून मोकळी झाली असती. पण तो मोकळ्या हवेत आला होता. चांगला श्वास घेऊन, उभं राहून त्यानं ठरवलं होतं. गेटपासून घर असं लांब किती? सुटी झाली की तासाभरात दारात गाडीचा आवाज यायचा, आणि तो येईपर्यंत ती जेवायची थांबलेली असायची, हे त्याला माहीत होतं. त्या गेटपाशी एका बाजूला ती होती, एका बाजूला तो निमोण्याचा पोरगा होता, आणि विश्वजीतनं पाठ केली ती तिच्याकडं. दुःख होतंच तिला. दुःखाला लोक येतात, डबे आणतात, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून जातात. पण दुःखाच्या खाली हेवा होता, आणि हेव्याला कोण डबा आणणार?

हा हेवा काही त्या दिवशी जन्माला आलेला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत तिनं विणलेला स्वेटर विश्वजीतनं आठवडाभर घातला आणि एका सकाळी नुसत्या शर्टावर कुडकुडत घरी आला. स्वेटर वॉचमनला दिला होता. "त्याला थंडी वाजत होती गं." "आणि तुला नव्हती वाजत?" "मला तू आहेस ना," असं म्हणून त्यानं गार हात तिच्या गालांना लावले. ती हसली, आणि हसताहसता आपल्याला फसवलं गेलंय असं तिला वाटलं. तिचं जे जे म्हणून होतं ते त्याच्या हातात आलं की पुढं कुणाला तरी जायचं. तो मध्ये नुसता नळासारखा. मूलबाळ झालं नाही, त्याचंही त्याला तेवढं लागलं नाही, सगळ्या संडेस्कूलची पोरं त्याच्या अंगावर लोंबकळत असायची. आणि झोपण्याआधी तो पलंगाशी गुडघे टेकायचा. ती उशीवरून बघत राहायची. त्याची पाठ दिसायची, बनियनमधून वर आलेला मणका दिसायचा, मान खाली. ओठ हलताहेत हे कानाच्या मागच्या हालचालीवरून कळायचं. काय बोलत असेल इतकं? दिवसभर तिच्याशी बोलायचा ते भाजी, गॅसचा सिलिंडर, उद्याची पाळी. आणि तिथं, त्याच्यापुढं, मिटल्या डोळ्यांनी इतका वेळ? त्या पाठीचा तिला हेवा नव्हता. त्या पाठीच्या पलीकडं जो कुणी होता, त्याचा होता. एकदा तिनं विचारलंच, माझं नाव घेतोस का तिथं? "रोज पहिलं," तो म्हणाला. तेवढ्यानं तिचं समाधान व्हायला हवं होतं. पण पहिलं नाव घेऊन झाल्यावर तो उरलेला सगळा वेळ कुणाला देतो, हे तिच्या डोक्यातून जाईना. दहा आज्ञांमध्ये देवानं स्वतःच सांगून ठेवलंय की तो ईर्ष्यावान आहे. मग नीलमनं थोडी ईर्ष्या केली तर तिचंच काय एवढं चुकलं?

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन देऊळ भरलेलं असतं. वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मंडळीतले सात जण बोलतात. कुणी पाच मिनिटांत आटपतं, कुणी माइक सोडत नाही, आणि सहाव्या उद्गाराला पाळकसाहेब स्वतः उठतात. दर वर्षी त्यांच्या बोलण्यात विश्वजीत येतो. नीलम खिडकीकडच्या बाकावर बसते; तो येतोय हे तिला आधीच कळतं, कारण पाळकसाहेब चष्मा काढून हातात धरतात आणि तिच्याकडं बघतात. पहिल्या वर्षी विश्वजीत धैर्यानं आत गेला होता. दुसऱ्या वर्षी आनंदानं गेला. गेल्या वर्षी ओठांवर प्रभूचं नाव घेऊन गेला, आणि यंदा तर स्तोत्र गातच गेला. पुढच्या वर्षी त्याच्या डोक्याभोवती उजेड पडणार, याची तिला खात्री वाटली. "मित्रासाठी स्वखुशीनं प्राण देणं, याहून मोठी प्रीती नाही," पाळकसाहेब म्हणाले, आणि पुढच्या बाकांवरच्या बायकांनी रुमाल काढले. मित्र कुठला मित्र? मच्छिंद्र त्याचा धड ओळखीचा नव्हता. मित्रासाठी केलं असतं तरी तिनं समजून घेतलं असतं. आणि स्वखुशीनं? स्वखुशीनं तिला सोडून गेला, हेच ना म्हणायचंय तुम्हाला? वर पंखा फिरत होता. वीज काही गेली नाही.

सभा सुटल्यावर तिनं पाळकसाहेबांना बारशाचं सांगितलं. तसा माणूस चांगला. म्हणाले, "जा मुली. ते हळदकुंकू, नारळ वगैरे करतील, त्यात तू पडू नकोस. पण नाव दे. ही केवढी मोठी साक्ष आहे. विश्वजीत त्या गावात चालू-बोलू लागेल." झालं. सगळेच तिच्या ताटातलं वाढायला उठले होते. मान हलवून ती बाहेर पडली आणि तिचं ठरलं. जायचं, बाळाला झबलं-टोपडं घालायचं, आणि नाव द्यायचं नाही. सांगायचं, की माझ्या जिवाला सोसणार नाही. मच्छिंद्र ऐकेल, तो तिचं सगळं ऐकतो, तीच तर त्याची मोठी चीड आणणारी गोष्ट आहे. दुसरं एखादं चांगलं नाव सुचवायचं, सत्यजीत म्हणावं. ऐकायला तसंच, आणि कुणाचंच नाही.

शनिवारी सकाळी दौंड-शिरूर एसटीत तिला खिडकी मिळाली. भीमेचा पूल गेला, काष्टी गेलं, उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडत राहिली. शुक्रवारी मरण आणि रविवारी पुनरुत्थान. मधल्या शनिवारी देवळाला कुलूपच असतं. लहानपणी तिला वाटायचं, या दिवशी देवाला कुणी विचारत नसेल. मांडीवरच्या पिशवीत टोपडं होतं, मऊ, पिवळं, आणि ते दुकानात निवडताना आपण उगीच जास्त वेळ घालवला याचा तिला राग आला होता. समृद्धी, मच्छिंद्रची बायको. तिचा विचार करायचा नाही असं नीलम ठरवायची, आणि मग दुसरा विचारच यायचा नाही. त्या दिवशी कुरकुंभला सायरन वाजत होता तेव्हा ही समृद्धी कुठंतरी कॉलेजच्या बाकावर बसून वहीत डोकं घालून असेल. आपला होणारा नवरा या वेळी गचांडी धरून ओढला जातोय, हे तिला कुठून माहीत? तो वाचला, मग गावी परतला, शेवंती आणि कांदा करू लागला, मग त्याला मुली सांगून आल्या, मग ही. आता पोर. हिच्या नवऱ्याचा घाम, त्याचं ताटावर बसणं, कूस बदलताना त्याच्या छातीत वाजणारी शिट्टी, सगळं हिला मिळालं, आणि त्या बदल्यात हिनं काय केलं? काहीही नाही. मच्छिंद्र दर नाताळला कांद्याची गोणी आणि शेवंतीची फुलं घेऊन दारात यायचा, खाली मान घालून चहा प्यायचा. तो बोलायचा त्याकडं नीलमचं लक्ष नसायचं. ती शिट्टी ऐकायची. वाटायचं, हा श्वास आमचा आहे. तो गेला की गोणीचं तोंडही न सोडता ती शेजारी वाटून टाकायची, आणि मग तिच्या लक्षात यायचं की आपणही आता आलेलं पुढं देतोय, फक्त रागानं.

निमोण्याच्या स्टँडवर मच्छिंद्र मोटारसायकल घेऊन उभा होता, नव्या पांढऱ्या शर्टात, केसांना पाणी लावून. "आलात ताई," एवढंच म्हणाला. तिला व्हय म्हणायचंय की नाही, हे त्यानं विचारलं नाही. घर मळ्यात, गावाबाहेर, वाट कच्ची. ती मागं बसली. समोर त्याची पाठ होती, आणि ती शिट्टी चढावर जरा वाढायची. चेहरा दिसत नव्हता म्हणूनच असेल, चार वर्षं तोंडात धरून ठेवलेलं बाहेर पडलं. "मच्छिंद्र, त्या दिवशी आत हे काही बोलले का?"

गाडी हळू झाली. बांधाकडेला त्यानं ती थांबवली, पण वळला नाही. "पाळकसायबांनी मला इचारलं व्हतं. मी म्हनलं, देवाचं नाव घेत व्हते. खोटं सांगितलं ताई. त्यांच्या देवळात कसं सांगायचं?"

"मग काय म्हणाले?"

"शिवी दिली." त्यानं मान आणखी खाली घातली. "मला. आईवरनं. मी भितीला टेकून बसलो व्हतो, पायच उचलंनात. ते आले आन् गचांडी धरून अशी शिवी दिली का बाईमानसाम्होरं सांगता येत न्हाई. म्हनले, ऊठ, तुझ्यापायी मराया न्हाई आलो मी. मला घरी जायचंय. बायको जेवायची खोळंबलीय माझी. ओढत व्हते आन् सारखं तेच. घरी जायचंय मला. ऊठ. घरी जायचंय." त्यानं नव्या शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "मी कुनाला न्हाई सांगितलं. लोकांला भाऊ लई मोठे वाटत्यात. त्यांला कमीपना यील, असं वाटलं."

नीलमच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? हेवाच आला. लग्नाच्या सगळ्या वर्षांत विश्वजीतनं तिला साधं गाढव म्हटलं नव्हतं. ती भांडायची तेव्हा तो हसायचा, नाहीतर गुडघे टेकायला जायचा. ती शिवी, तो आवाज, दातओठ खाणारा तो माणूस तिनं कधी बघितलाच नव्हता. तोही या मच्छिंद्रला मिळाला. आणि मग, जरा मागाहून, गाडी पुन्हा हलल्यावर, बाकीचं तिच्यापर्यंत पोचलं. बायको जेवायची खोळंबलीय. त्यानं पाठ केली नव्हती. तो आत गेला होता तो परत यायला गेला होता, तिला बरोबर घेऊन गेला होता, आणि त्या गॅसमध्ये त्या पोरापुढं तिचंच नाव काढून आरडाओरडा करत होता. स्तोत्र गात नव्हता. मरायला खूश नव्हता. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमानेच्या बागेत प्रभूलाही घाम फुटला होता, तोही म्हणाला होता की टळत असेल तर हे टळू दे. पाळकसाहेब हे गुरुवारी वाचतात आणि शुक्रवारी विसरतात. ज्याला घरी जायचंच नाही त्यानं जीव दिला तर त्यात कसलं देणं? विश्वजीतला घरी जायचं होतं, फार जायचं होतं, आणि तरी त्यानं गचांडी सोडली नाही. नीलमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. धुरळ्यानं येतंय असं मच्छिंद्रला वाटावं म्हणून तिनं पदर नाकाला लावला. तिला अचानक हवंसं वाटलं की या मळ्यात कुणीतरी ते नाव मोठ्यानं ओरडावं. विश्वज्या, चल जेवायला. विश्वज्या, पायात चप्पल घाल. पंख्यावर नाही, प्रार्थनेत नाही, असं मातीत, शेंबूड पुसत. वस्ती दिसेपर्यंत तिनं ते नाव देऊनसुद्धा टाकलं होतं, आणि देताना एवढं बरं वाटतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

अंगणात मांडव होता, बायका जमल्या होत्या. मच्छिंद्रची आई, कस्तुराबाई, लुगड्याला हात पुसत पुढं आली आणि नीलमच्या तोंडावरून हात फिरवून तिनं कडाकडा बोटं मोडली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "पैलं पोर, आन् नाव असल्या बाईनं..." कस्तुराबाई वळली. "कसल्या गं बाईनं? हिचा मालक नसता तर तू हितं बारशाला न्हाई, तेराव्याला आली असतीस." नीलमला तिनं आतल्या खोलीत नेलं, "बाळंतिनीपाशी बस जरा," म्हणाली आणि दार लोटून निघून गेली.

खोलीत ओव्याच्या धुरीचा वास होता. समृद्धी बाजेवर बसली होती, कानाला स्कार्फ बांधलेला, मांडीवर बाळ. वाटली होती त्यापेक्षा फारच लहान मुलगी. नीलमनं टोपडं काढून दिलं, बाळाचा पाय बोटांत धरून बघितला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "मी व्हय म्हणणार आहे नावाला." तिला वाटलं, पोरगी खूश होईल. समृद्धीनं दाराकडं बघितलं.

"ताई, रागावणार न्हाई ना?" ती अगदी हळू बोलत होती. "मला न्हाई ठेवायचं ते नाव."

नीलमनं पाय सोडला.

"लग्न झाल्यापास्नं या घरात तेच नाव हाय. ताटावर बसलं तरी हे म्हनत्यात, भाऊंमुळं हा घास. झोपेतबी भाऊ. मला वाटतं माझ्या नवऱ्याचा जीव त्यांचा न्हाईच, उसना हाय. पोराला बी तेच नाव ठेवलं ना, तर हे त्याला कवा उचलून घ्यायचे न्हाईत, कवा चापट मारायचे न्हाईत. त्याच्या पाया पडतील." तिनं बाळाला जवळ ओढलं. "मला नुसतं पोरगं पायजे. कुनाच्या उपकाराचं न्हाई."

"मग सांग की त्यांना."

"मी? मी सांगितलं तर हे घर मला काय म्हनंल? तुम्हीच सांगू शकता. तुमच्या मालकाचं नाव हाय." मग तिच्या डोळ्यांना पाणी आलं. "मी लई वाईट हाय, मला म्हाईत हाय. पन हे माझ्याकडं बघत्यात तवाबी ते भाऊ मधी उभे असत्यात."

नीलमला संताप आला. माझ्या माणसाचं नाव, आणि हिला नको? कालपर्यंत कुणाला देणार नव्हती, आज देत होती, तर घेणारीनं तोंड फिरवलं. पण तो संताप पुरता वर यायच्या आतच बसला, कारण समोरच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिनं रोज आरशात बघितलं होतं. ही पोरगी विश्वजीतचा हेवा करत होती. मेलेल्या माणसाचा, रात्रंदिवस, कुणाला न सांगता. नीलम उशीवरून ज्या पाठीकडं बघायची, ती पाठ हिच्याही घरात होती. आणि मळ्यात ओरडलं जाणारं ते नाव, जे तिनं वाटेत मनातल्या मनात दहादा ऐकलं होतं, ते आता तिच्या घशाशी येऊन थांबलं. ते कस्तुराबाईला हवं होतं, मच्छिंद्रला, पाळकसाहेबांना हवं होतं. सगळ्यांत जास्त आता तिलाच हवं होतं.

"तुझ्या मनात कुठलं आहे?" तिनं विचारलं.

"ज्ञानेश," समृद्धी म्हणाली.

बाहेर बायकांनी पाळण्याच्या खालून-वरून वरवंटा फिरवायला सुरुवात केली होती. वरवंट्यालाही टोपडं घातलं होतं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, असं म्हणत तो दगड या हातातून त्या हातात चालला होता, आणि प्रत्येक बाई त्याला खऱ्या पोरासारखी मानेखाली हात घालून धरत होती. मग बाळ पाळण्यात आलं. समृद्धी शेजारी बसली, खाली मान घालून. मच्छिंद्र मांडवाच्या खांबापाशी उभा राहिला. नीलमला पुढं ढकललं गेलं. ती वाकली. बाळाच्या अंगाला तेलाचा आणि दुधाचा वास होता, कान एवढासा, वरून दुमडलेला, आत अजून बारीक लव. तिनं ओठ कानाला टेकवले. मागं तिच्या पाठीवर मारायला बायकांचे हात वर झालेले असणार, हे तिला कळत होतं.

"विश्वजीत," ती कानात म्हणाली. फक्त त्याला ऐकू जाईल असं. "त्याला घरी जायचं होतं." मग एकदा पुन्हा, कारण एकदा पुरेना, "विश्वजीत."

ती जरा वर झाली आणि मोठ्यानं म्हणाली, "कुर्रर्र, ज्ञानेश."

हात पडले नाहीत. मच्छिंद्र खांब सोडून पुढं आला. "ताई?"

"ते नाव माझं आहे," नीलम म्हणाली. "मी कुणाला देणार नाही." तिचा आवाज असा निघाला की कुणाला शंका आली नाही, चार वर्षांचा हेवा त्यात अजून होताच, तो काही कुठं गेला नव्हता, आज फक्त कामाला आला. मच्छिंद्रचं तोंड एवढंसं झालं. मागून एकीनं चक् केलं. "जीव न्हाई झाला बाईचा," दुसरी म्हणाली. समृद्धीनं मान वर केली नाही. केली असती तर सगळं उघडं पडलं असतं.

"बघत काय बसलाय?" कस्तुराबाईचा आवाज फाटला होता. "तिचं मानूस हाय, तिचं नाव हाय. ज्ञानेश तर ज्ञानेश. बडवा आत्याला, त्याबिगर बारसं व्हतंय व्हय?" आणि मग हात पडायला लागले, दणादण, बांगड्यांसकट. काही हात रीतीचे होते, काही जरा रागाचेही होते, ते तिला बरोबर कळले. चार वर्षांत तिच्या पाठीला कुणी हात लावला नव्हता. ती पाळण्याची दोरी धरून वाकून उभी राहिली आणि मार खात राहिली. सगळे थांबल्यावर एक हात राहिला, न मारणारा, गरम, खालच्या बाजूनं आलेला. पाळण्याशी बसलेल्या बाईचाच हात तिथं पोचला असता. नीलमनं वळून बघितलं नाही.

घुगऱ्यांची पुडी, आत्याचा मान म्हणून साडी आणि शेवंतीची पिशवी घेऊन मच्छिंद्र तिला स्टँडवर सोडायला आला. गाडी आली तेव्हा पिशवी वर देत म्हणाला, "तुमचं बराबर हाय, ताई. मीच चुकलो. तुमच्यापाशी तेवढंच ऱ्हायलं व्हतं." त्याला सांगावं, ओरडून सांगावं, की मी देत होते रे, तुझ्या वस्तीपर्यंत येताना देऊनसुद्धा झालं होतं. ते तिच्या ओठांपर्यंत आलं. त्याच्या छातीत शिट्टी वाजत होती. "पोराला सांभाळ," ती म्हणाली. "मोठा झाला की चापट मार लागली तर." त्याला काही कळलं नाही, पण नेहमीप्रमाणं त्यानं मान हलवली.

गाडी उसाच्या ट्रॉलीमागं पुन्हा रखडली. पाठ ठणकत होती; सीटला टेकलं की जास्त. तिनं टेकून घेतलं. उद्या ईस्टर, पहाटे देवळात जायचं, पंखा फिरत असणार. कंडक्टर मशीन घेऊन तिच्यापाशी आला, दोनदा विचारून झालं तरी तिचं लक्ष नव्हतं. "ओ ताई, कुठं जायचं?"

"घरी," ती म्हणाली. "घरी जायचंय."

"घरी तर सगळ्यांनाच जायचंय, ताई. तिकीट कुठलं काढू?"

"दौंड," नीलम म्हणाली.